घाटावरचें पाणी, घाटाखालचें पाणी

आमच्या घरीं कोणताहि बेत एकट्यादुकट्यानें ठरत नाहीं. बुलढाण्याच्या जुन्या घरांत तीन पिढ्यांची मिळून अकरा माणसें राहतात. सणाला पुरण घालावें कीं श्रीखंड आणावें येथपासून मुलीला कोणत्या गांवीं शिकावयास पाठवावें येथपर्यंत सर्व प्रश्न रात्रींच्या जेवणानंतर ओसरीवर मांडले जातात आणि तेथेंच त्यांचा निकाल लागतो. गेल्या दसऱ्याच्या सुमारास माझ्या पुतणीनें या बैठकीपुढें आपला अर्ज ठेवला. ती एकोणीस वर्षांची असून महाविद्यालयांत शिकते. आपला जिल्हा सायकलवरून पाहावा, आधीं घाटावरचा भाग आणि मग घाटाखालचा, असा तिचा मनोदय होता.

बैठकींत अर्थातच गलका झाला. वहिनींना सडकेवरच्या मालमोटारींची धास्ती. दादांचें म्हणणें असें कीं, घरांत मोटार आणि गांवांत यस्टी असतां उन्हातान्हांत पाय झिजविण्यांत शहाणपणा तो कोणता? धाकट्या चिरंजीवांना मात्र आपल्यालाच कोणी नेत नाहीं याचें दुःख होतें. शेवटीं, तीस वर्षें शाळेंत भूगोल शिकवून निवृत्त झालेला हा काका बरोबर जाईल, या अटीवर ठराव पास झाला. माझी साठी उलटलेली. पण सायकल मी रोज चालवतों, तेव्हां ती अट मलाहि जड वाटली नाहीं.

आमच्या मातुःश्री चौऱ्यांशी वर्षांच्या आहेत. त्या इतका वेळ वाती वळीत बसल्या होत्या. त्यांनीं एकच प्रश्न विचारला, "वाटेंत पाणी कुठलें पिणार?"

मी हंसलों. म्हणालों, "आई, आतां दर टपरीवर पाण्याची बाटली मिळते. तो जमाना गेला."

आई पुढें कांहीं बोलली नाहीं. त्या हंसण्याचें प्रायश्चित्त मला पुढें पंधरा दिवसांच्या आंत मिळालें. तीच हकीकत आज वाचकांस सांगावयाची आहे.

ज्यांनीं बुलढाणा जिल्हा पाहिलेला नाहीं त्यांच्यासाठीं प्रथम दोन शब्द. अजिंठ्याच्या डोंगराची रांग या जिल्ह्यांतून पूर्वपश्चिम गेली आहे. तिच्यामुळें जिल्ह्याचे दोन भाग पडतात व लोकांच्या बोलण्यांतहि ते तसेच येतात: एक घाटावरचा आणि दुसरा घाटाखालचा. चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा, देऊळगांव राजा हे घाटावर. मलकापूर, नांदुरा, शेगांव, जळगांव जामोद, संग्रामपूर हे घाटाखालीं. सोयरीक जुळवितांनाहि "मुलगी घाटावरची कीं घाटाखालची?" हा प्रश्न आमच्याकडे हमखास निघतो.

ही नुसती उंचसखलपणाची गोष्ट नव्हे. बुलढाणें सुमारें ६५० मीटर उंचीवर आहे, आणि या डोंगराच्या माथ्यावर पडणाऱ्या पावसाच्या दोन वाटा होतात. उत्तरेच्या उतारावर पडलेलें पाणी नळगंगा, विश्वगंगा, ज्ञानगंगा अशा लहान नद्यांतून पूर्णेला मिळतें; पूर्णा तापीला मिळते आणि तापी सुरतेपुढें अरबी समुद्राला. दक्षिणेच्या उतारावरचें पाणी पैनगंगेंतून वर्धेला, तेथून प्राणहितेला, तेथून गोदावरीला आणि अखेर बंगालच्या उपसागराला जातें. एकाच कौलारू घराच्या दोन पाख्यांवरचें पाणी दोन समुद्रांना जावें, तसा हा प्रकार आहे. मोटारींत बसलेल्या माणसाला याचा पत्ता लागत नाहीं. सायकलस्वाराला मात्र चढ कोठें सुरू झाला व पाणलोट कोठें बदलला हें त्याच्या मांड्याच सांगतात.

पहिल्या दिवशीं पहाटे निघून आम्ही चिखलीची वाट धरली. बुलढाण्याच्या बाहेर थोड्याच अंतरावर येळगांवचें धरण लागतें. पैनगंगेवरचें हें धरण आणि आमच्या घरच्या नळाला येणारें पाणी येथलें. पुतणीनें सायकल थांबविली. "म्हणजे रोज आपण पैनगंगाच पितों!" ती म्हणाली. गंगेच्या नांवानें स्नान करणाऱ्या आमच्या घरांत हें कोणाच्या ध्यानांत आलें नव्हतें. नदी येथें अगदीं लहान आहे. गांवाच्या पश्चिमेकडील डोंगरांत ती उगम पावते. पुढें यवतमाळ आणि नांदेडच्या बाजूस तिचें पात्र किती विस्तीर्ण होतें हें ज्यानें पाहिलें असेल त्याला येथलें तिचें रूप पाहून, मोठ्या माणसाचा बाळपणींचा फोटो पाहावा, तसें वाटेल.

सडकेच्या दोन्ही बाजूंस सोयाबीनची सोंगणी चालली होती. मळणीयंत्रांचा घरघराट आणि भुसा उडून आलेला धुरकट पिवळेपणा सर्वत्र भरून राहिला होता. कपाशीचीं पहिलीं बोंडें उमलूं लागलीं होतीं. शाळेच्या वेळेस निळे-पांढरे गणवेष घातलेल्या मुलींचे थवे सायकलींवरून जातांना भेटले. मानव विकास कार्यक्रमांतून राज्याच्या मागास तालुक्यांत आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेसाठीं सायकली देण्यांत आल्या. त्यांत आमच्या जिल्ह्यांतले तालुकेहि आहेत. माझ्या पुतणीच्या अनेक गिअरांच्या सायकलीकडे त्या मुली कुतूहलानें पाहत होत्या. पण दप्तर आणि धाकटी बहीण मागें बसवून त्या ज्या सहजतेनें चढ चढत होत्या, तें पाहून आमची ऐट आपोआप उतरली. रोजच्या सायकलस्वार त्या. आम्ही केवळ हौशी.

सुमारें ६५ किलोमीटर चालवून संध्याकाळीं आम्ही मेहकरास पोंचलों. मेहकर पैनगंगेच्या कांठीं वसलें आहे. १८८८ सालीं जमिनींतून सांपडलेली शारंगधर बालाजीची काळ्या पाषाणाची भव्य मूर्ति तेथें आहे. दिवसभराच्या श्रमानंतर त्या गाभाऱ्यांतील गारव्यांत उभें राहिल्यावर मन निवालें.

दुसऱ्या दिवशीं लोणार. उल्केच्या आघातानें काळ्या बसाल्ट खडकांत पडलेल्या, सुमारें १.८ किलोमीटर व्यासाच्या या विवराविषयीं वाचकांनीं पुष्कळ वाचलें असेल. जून २०२० मध्यें त्याचें पाणी गुलाबी झालें तेव्हां तें साऱ्या देशाच्या वर्तमानपत्रांतून गाजलें. खाऱ्या पाण्यांत वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांमुळें तो रंग आला होता. त्याच वर्षीं रामसर यादींत या सरोवराचा समावेश झाला. मला येथें सांगावयाची गोष्ट निराळी आहे. विवराच्या तळाशीं खारें, क्षारयुक्त पाणी. आणि कांठावर, चालत कांहीं पावलांवर, धारेचा झरा, ज्याचें पाणी गोड! पुतणीनें दोन्ही पाण्यांत बोटें बुडवून पाहिलीं. "काका, एकाच खड्ड्यांत दोन चवी कशा?" मीं मास्तरी थाटांत उत्तर दिलें: झऱ्याचें पाणी खडकांतून येतें आणि वाहतें राहतें, तळ्याला बाहेर जाण्याची वाट नाहीं, म्हणून पाणी उडून जातें आणि क्षार मागें राहतात. उत्तर बरोबर होतें. पण तें मीं स्वतः नीट ऐकलें असतें तर पुढचा प्रसंग टळला असता.

लोणाराहून बिबी, दुसरबीड या वाटेनें सिंदखेड राजास जातांना समृद्धि महामार्ग आडवा येतो. ११ डिसेंबर २०२२ रोजीं त्याचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा खुला झाला. दुचाकी वाहनांना त्यावर मज्जाव आहे, तेव्हां सायकलीची गोष्टच नको. वरून मोटारी बाणासारख्या जात होत्या आणि खालून आम्ही व एक बैलगाडी आपापल्या चालीनें चाललों होतों. या महामार्गाला मी नांवें ठेवीत नाहीं; आजारी माणसाला तो वेळेवर नागपुरास पोंचवतो. एवढेंच कीं त्या वेगानें जाणाऱ्याला "कोण्या गांवचे?" असें कोणी विचारूं शकत नाहीं. आम्हांला तो प्रश्न दर दोन मैलांवर विचारला जात होता. एका म्हातारीनें तर पुतणीला हात करून थांबविलेंच: "काहून वो माय, सायकलीनं काहून? यष्टी बंद हाये काय?" दादांचाच आक्षेप, वऱ्हाडींत!

सिंदखेड राजास लखुजी जाधवांच्या वाड्यांत, जेथें १२ जानेवारी १५९८ रोजीं जिजाऊसाहेबांचा जन्म झाला, तेथें माथा टेकून तिसऱ्या दिवशीं आम्ही देऊळगांव राजावरून चिखलीकडे परतलों. वाटेंत देऊळगांव महीजवळ खडकपूर्णेचें धरण आहे. संत चोखामेळा यांचें जन्मस्थान मानलेलें मेहुणा राजा हें गांव याच तालुक्यांतलें, म्हणून धरणाच्या जलाशयाला त्यांचें नांव दिलें आहे. येथें वाचकांनीं एक गंमत लक्षांत ठेवावी. आमच्या जिल्ह्यांत पूर्णा दोन आहेत. ही खडकपूर्णा गोदावरीला मिळते आणि घाटाखालची पूर्णा तापीला. नांव एकच, पण दोघींचें सासर निराळें.

आठ दिवस विश्रांति घेऊन आम्ही घाट उतरलों. या वेळीं जाण्याला एक कारणहि होतें. घाटाखालीं, पूर्णेच्या कांठीं, माझें आजोळ आहे. गांवाचें नांव येथें देत नाहीं. तें लहान आहे आणि जिगांव प्रकल्पाच्या बुडीत क्षेत्रांत त्याची गणना झालेली आहे. आईला तेथें जाऊन वीस वर्षें झालीं. पुतणीनें तर तें कधींच पाहिलेलें नाहीं. पाण्याखालीं जाण्यापूर्वीं एकदां पाहून घ्यावें, असें तिच्या मनांत होतें.

राजूर घाटांतून खालीं येणें म्हणजे ब्रेक आणि देव यांच्यावर भरंवसा ठेवणें. झाडी दाट आहे, वळणें झपाझप येतात. पायथ्याशीं आलों तों हवाच बदलली. घाटावर सकाळीं स्वेटर हवासा वाटत होता. मोताळ्याच्या पुढें अंगांतून घामाच्या धारा वाहूं लागल्या. ऑक्टोबरचें ऊन तें. जमीन मात्र अशी सपाट आणि काळीभोर कीं पाहत राहावें. नांदुऱ्यास आमच्या बाटल्या निम्म्या झाल्या होत्या. पुतणी म्हणाली, "काका, येथें भरून घेऊं." मीं म्हटलें, "दुपार होईल. पुढें गांवोगांव हातपंप आहेत."

हातपंप होते. तासाभरानें, बाटल्या कोरड्या पडल्यावर, आम्ही एकापाशीं थांबलों. पाणी स्वच्छ होतें, थंडहि होतें. तहानेच्या भरांत पुतणी ओंजळीनें घटाघटां प्यायली आणि मग तिचें तोंड वांकडें झालें. मीं घोट घेतला. खारट आणि मागाहून कडवट. दहा मिनिटांत तिला ओकारी झाली, पायांत गोळे आले आणि बाभळीच्या विरळ सावलींत ती मटकन् बसली. जवळ पाण्याचा थेंब नाहीं आणि डोक्यावर बाराचें ऊन. तीस वर्षें मीं फळ्यावर पूर्णेच्या खोऱ्याचा नकाशा काढून त्यांत "खारपाणपट्टा" हीं अक्षरें लिहिलीं होतीं. त्याच पट्ट्यांत मी मुलीला मोकळ्या बाटल्या देऊन घेऊन आलों होतों. त्या क्षणीं मला माझी जेवढी लाज वाटली तेवढी पूर्वीं क्वचितच वाटली असेल.

बाजूच्या शेतांत कापूस वेचणारी एक बाई आमची अवस्था पाहून आली. तिनें आपल्या डब्यांतलें पाणी दिलें, बरोबर गुळाचा खडाहि दिला. "हे पंपाचं पानी पेऊ नका बाप्पा," ती म्हणाली, "याच्यात डाळबी शिजत नाही." तिच्या डब्यांतलें पाणी विकतचें होतें, जारवाल्याकडून घेतलेलें. दिवसभर उन्हांत वेचणी करावयाची आणि प्यावयाचें पाणी मजुरींतून विकत घ्यावयाचें! तिनें त्यांतलें निम्मे पाणी आम्हांला दिलें. पैसे देऊं केले तर ती रागावली.

खारपाणपट्टा म्हणजे काय, हें थोडक्यांत सांगतों. पूर्णेच्या दोन्ही अंगांस, अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांतून, गाळाच्या जमिनीचा एक लांबच लांब पट्टा पसरला आहे. माती सुपीक, खोल आणि काळी. परंतु तिच्याखालचें पाणी खारें. विहीर खणावी तर पाणी लागतें, पण पिण्याच्या कामाचें नाहीं. तेंच शेताला द्यावें तर क्षार सांठून जमीन चिबडते आणि बिघडते. म्हणून येथला शेतकरी पावसावर कापूस, तूर आणि मागाहून ओलीवर हरभरा घेतो. बागाईत त्याच्या नशिबीं नाहीं. संग्रामपूर आणि जळगांव जामोद या तालुक्यांतून मूत्रपिंडाच्या विकारांच्या तक्रारी वर्षानुवर्षें होत आल्या आहेत. नकाशावर हें एका रंगानें दाखवितां येतें. चव मात्र नकाशाला नसते.

पुतणीला बरें वाटल्यावर, उन्हें उतरतांना, आम्ही आजोळीं पोंचलों. मामांचें घर केव्हांच विकलेलें; एक भिंत आणि दारापुढचा कडुलिंब तेवढा उभा आहे. आडांत पाणी आहे. गांवांतलीं कांहीं कुटुंबें नव्या गांवठाणाच्या आशेवर आहेत, कांहीं अद्याप हललेलीं नाहींत. जिगांवचा प्रकल्प १९९० नंतरच्या दशकांतला. अजून तो पुरा झालेला नाहीं. पूर्णेचें पावसाळी पाणी अडवून तें या खाऱ्या पट्ट्यांतल्या शेतांना व गांवांना द्यावयाचें, हा त्याचा हेतु. हेतु चांगला आहे, याविषयीं तेथें कोणाचें दुमत दिसलें नाहीं. मारुतीच्या पारावर बसलेले एक वृद्ध शेतकरी म्हणाले, "पान्यासाठी घर देऊन टाकू, त्याचं काही नाही. पन घर गेलं अन् पानी आलंच नाही, तर आमी कोनाले विचारावं?" या प्रश्नाला माझ्यापाशीं उत्तर नव्हतें. पिढीच्या पिढी अशी दारांत उभी आहे: घर आज पडेल कीं उद्यां, म्हणून भिंत सारवावी कीं नाहीं, मुलाचें लग्न याच अंगणांत करावें कीं नव्या, हें तिला ठरवितां येत नाहीं. ज्यांच्या घरांतले सर्व बेत ओसरीवर ठरतात त्या आम्हांला, बेतच करतां न येणें म्हणजे काय, हें त्या पारावर प्रथम कळलें.

रात्रीं तेथेंच मुक्काम करून, निघतांना पुतणीनें आडाचें पाणी एका बाटलींत भरून घेतलें. परत येतांना राजूर घाट ती एकदांहि न उतरतां चढली. मीं माझी सायकल एका टेंपोवर चढवून वाट सोपी करून घेतली, हें प्रांजळपणें कबूल करतों.

रात्रीं ओसरीवर सर्व हकीकत झाली. वहिनींनीं माझ्याकडे ज्या दृष्टीनें पाहिलें तिचें वर्णन करीत नाहीं. पुतणीनें बाटली आजीपुढें ठेवली. वहिनी नको नको म्हणत असतां आईनें हातावर थोडें पाणी घेऊन जिभेला लावलें.

"तसेंच आहे," ती म्हणाली. आणि मग तिनें जें सांगितलें तें मीं साठ वर्षांत कधीं ऐकलें नव्हतें. १९६० च्या सुमारास ती लग्न होऊन घाटावर आली; माहेराहून नांदुऱ्यापर्यंत दमणींतून आणि पुढें मोटारनें. दुसऱ्या दिवशीं सासूबाईंनीं वरण करावयास सांगितलें. माहेरच्या संवयीनें तिनें डाळ उजाडतांच चुलीवर चढविली आणि जेवणाची वेळ होईपर्यंत तिचा पार लगदा झाला. "माझ्या माहेरीं डाळ शिजायला अर्धा दिवस लागे, आणि आम्ही म्हणत असूं कीं डाळच वाईट. पाणी वाईट असतें, हें मला येथें येऊन कळलें. त्या दिवशीं माझ्यावर सगळे हंसले होते." माझ्या हंसण्याचा तिनें उल्लेख केला नाहीं. तशी गरजहि नव्हती.

सायकलवरून प्रवासाला निघूं इच्छिणाऱ्या वाचक-बंधुभगिनींना या अनुभवावरून चार गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. घाटावरचा प्रवास पावसाळा सरल्यावर आश्विन ते माघ या काळांत करावा. घाटाखालचा मात्र कार्तिक उलटल्यावरच, आणि तोहि सकाळीं दहाच्या आंत आटोपावा. पाणी दर माणशीं निदान तीन लिटर बरोबर असावें आणि मिळेल तेथें भरून घ्यावें. पुढच्या गांवावर भिस्त ठेवूं नये. मीठ, साखर आणि लिंबू जवळ असावें. मालमोटारींच्या हमरस्त्यापेक्षां तालुक्यांना जोडणाऱ्या आडवाटा धराव्या. घरच्या मुलींना जाऊं द्यावें. आणि निघण्यापूर्वीं घरांतल्या सर्वांत वृद्ध माणसानें कांहीं विचारलें तर तें नीट ऐकून घ्यावें.

बैठक उठतां उठतां आईनें मला विचारलें, "तो आड बुडणार का रे?"

"धरण भरलें कीं बुडेल."

"मग त्या पाण्यावर खालच्या गांवांची डाळ शिजेल?"

"शिजावी, असें सरकार म्हणतें."

आई थोडा वेळ गप्प राहिली. बाटलीचें झाकण तिनें स्वतः घट्ट लावलें आणि ती देवघरांत, गंगेच्या गडव्याशेजारीं, नेऊन ठेवली. "शिजली कीं मला येऊन सांगा," ती पुतणीला म्हणाली. "आणि जातांना नांदुऱ्यास पाणी भरून घे."